सरांचं शेवटचं प्रकरण

सरांमुळे मी आज चार माणसांत "मला समजलं नाही" असं म्हणू शकते. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तुम्हाला वाटेल, या बाईला सरांचा रागच दिसतोय. राग आहेच. पण उपकार आधी.

मी टायपिंग करायचे त्या दुकानात सर आले की देवळात आल्यासारख्या चपला दाराशी काढायचे. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून एक बोट वर करायचे आणि वाक्य सांगायला लागायचे. वाक्य संपलं की बोट खाली यायचं.

"समजलं का बेटा?"

मी मान हलवायची.

"मंग सांग बरं."

झालं. इथं माझी गाडी रुतायची.

मी मूळची चंदगडकडची, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची. नवरा इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागला आणि मी देवळीत आले. माझं शिक्षण आठवी. बसस्टँडजवळच्या झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात कामाला लागले, तिथं मराठी टायपिंग बोटांना आलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका, सगळं डोळ्यांतून थेट बोटांत उतरायचं. मधे डोकं लागतच नव्हतं. त्यात इथली माणसं साधं बोलली तरी मला वाटायचं रागावलीत. म्हणून कोणी काहीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "हो."

अशा बाईच्या शेजारी सर येऊन बसले.

ते पंचायत समितीतून निवृत्त झालेले आणि सार्वजनिक धोरण या विषयात पीएच.डी. करत होते. राहायला नाचणगावला. तिथून पुलगाव किती जवळ, पण पुलगावच्या टायपिंगवाल्यांनी केव्हाच त्यांच्यापुढं हात जोडले होते, म्हणून बस धरून देवळीला यायचे. प्रबंधाचं नाव लांबलचक होतं. अर्थ एवढाच की सरकार मुलींना बसचा पास फुकट देतं, पण शाळा सुटायच्या वेळेला बसच नसेल तर त्या पासचं काय करायचं?

सरांचा नियम असा की मला जे समजणार नाही ते प्रबंधात राहणार नाही. "आठवी शिकलेल्या बाईले जे समजत नाई, ते धोरण कायचं? ती नुसती अक्षरं." एकदा त्यांनी "बहुआयामी संरचनात्मक वंचितता" असं काहीतरी सांगितलं. मी टाइप केलं आणि ठसक्यात म्हटलं, समजलं.

"मंग सांग बरं."

"म्हणजे... खूप बाजूंनी वाईट."

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, ते खोड आणि हे लिव. मी लिहिलं. विद्यापीठातल्या त्यांच्या गाइडनी त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढून पान परत पाठवलं. सरांनी वर्तुळाकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे त्यायले बी समजलं." आणि ती ओळ तशीच ठेवली.

तुम्हीच सांगा, अशा माणसाचा प्रबंध कधी पुरा व्हायचा? सकाळी चार पानं व्हायची, दुपारी त्यातली तीन जायची. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, ते कपाळाला हात लावायचे. "सर, तुम्ही थिसिस लिहून राह्यले का या पोरीची परीक्षा घेऊन राह्यले?" स्टँडवरच्या चहावाल्यानं तर डिग्रीच्या आधीच त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं. डॉक्टर, कंबर दुखून राह्यली, काय घेऊ, असं तो विचारायचा. सर गंभीरपणे म्हणायचे, "वडनेरच्या गाडीत मागच्या सीटवर बसनं सोड."

त्याच दिवसांत माझ्या मुलीला ताप आला. दवाखान्यात नर्सनं औषधं भराभर सांगितली आणि विचारलं, समजलं का? "हो" माझ्या ओठांवर आला होता. पण आता ही म्हणेल, मग सांग, असं वाटलं आणि मला तर काहीच सांगता येणार नव्हतं. मी म्हटलं, "नाही समजलं. परत सांगा." छत काही कोसळलं नाही. तिनं परत सांगितलं, चमच्यावर बोट ठेवून दाखवलं. बाहेर आले तेव्हा कुठलं औषध कधी द्यायचं ते पक्कं माहीत होतं. मोठ्या कौतुकानं हे सरांना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "बरं, पोरगी कशी हाय?" आणि बोट वर केलं. असा माणूस.

मग शेवटचं प्रकरण आलं. विद्यापीठानं सरांना अखेरची मुदतवाढ दिली होती. ती संपली की नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. हे सरांना माहीत होतं, भाऊंना माहीत होतं, चहावाल्यालाही माहीत होतं. राहिल्या होत्या फक्त शिफारशी. सर सांगत होते की शाळेच्या वेळेनुसार बसफेऱ्यांचे नियोजन करण्यात यावे, थांब्यांवर निवारे उभारण्यात यावेत, फेरी रद्द झाल्यास शाळेस कळविण्यात यावे. मला सगळं समजलं. "मंग सांग बरं" म्हटल्यावर मी धडाधड सांगितलं. सर खूश झाले. मीही खूश. सरांनी पुढच्या वाक्यासाठी बोट वर केलं, आणि माझ्या तोंडाला काय झालं कुणास ठाऊक.

"पण सर, हे करायचं कोणी?"

बोट वरच राहिलं.

मी घाईघाईनं म्हटलं, जाऊ दे सर, उगाच विचारलं. पण ते ऐकेनात, काऊन विचारलं ते सांग म्हणाले. मग सांगितलं. आठवीनंतर माझी शाळा सुटली ती गाडीपायीच. पुढची शाळा लांब, आणि ती सुटायच्या आधीच आमच्याकडची शेवटची गाडी निघून जायची. माझा बाप कंडक्टरला विचारून आला, डेपोत जाऊन आला, सरपंचाकडं जाऊन आला. सगळ्यांचं म्हणणं एकच, गाडी यायला पाहिजे. "यायला पाहिजे म्हणून गाडी येत नाही, सर."

सरांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "आख्खी नोकरी मी हेच लिवलं बेटा. करण्यात यावे. कोनं, ते कधीच लिवलं नाई. लिवलं असतं तं सायबांनी सहीच नसती केली." आणि म्हणाले, "खोड."

"सगळं?"

"सगळं."

मुदत डोक्यावर, आणि हा माणूस हे कोण करणार ते शोधायला निघाला. डेपोत म्हणाले, शाळेनं मागणी करावी. शाळा म्हणाली, वरच्या कार्यालयातून यावं. कार्यालय म्हणालं, गावाचा ठराव हवा. गाव म्हणालं, ठराव कधीचाच दिलाय, डेपोला विचारा. सर रोज संध्याकाळी धुळीनं माखून दुकानात यायचे आणि आज कोणी कोणाकडं बोट दाखवलं ते रंगवून सांगायचे. ते रंगात, आणि आम्ही घामात. शेवटी गाइडनी दुकानातच फोन केला. म्हणाले, "बाई, जुनं प्रकरण असेल ना तुमच्याकडं? तेच छापा. सगळे तसंच लिहितात."

होतं. सर खोड म्हणाले तरी मी एक कॉपी ठेवली होती, एवढी अक्कल दुकानानं दिली होती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते छापून सरांपुढं ठेवलं. त्यांच्या बायको, काकू, मुद्दाम नाचणगावहून आल्या होत्या, डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. मी पहिल्यांदाच सरांशी चढ्या आवाजात बोलले. "सर, सही करा आणि देऊन टाका. खरं काय ते नंतर शोधा."

सरांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, जमलं. त्यांनी पानं एकसारखी करून परत माझ्यापुढं ठेवली.

"टायपिंग मस्त केलं बेटा," म्हणाले, आणि चपला घालायला लागले.

काकू उठल्या. जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मी तं यायच्याशी लगन करून फसली. तू काऊन फसली वो?"

नोंदणी गेली. मला इतका राग आला की पुढं सर आले तरी मी मानच वर केली नाही. प्रश्न माझाच ना! त्या दिवशी गप्प बसले असते तर आज सर डॉक्टर झाले असते. सरांनी आधी काकूंनी दिलेली कोथिंबिरीची सांबारवडी माझ्यापुढं ठेवली. मग पिशवीतून हातानं लिहिलेलं प्रकरण काढलं. प्रत्येक शिफारशीपुढं ती कोणत्या पदावरच्या माणसानं करायची, आणि त्यानं नाही केली तर कोणाला विचारायचं, ते लिहिलेलं.

"टाइप कर."

"कशाला, सर? नोंदणी तर गेली."

"नोंदनी गेली. पोरी तं आजून स्टँडवरच उभ्या हायेत ना."

टाइप केलं. त्यातही तीनदा खोडायला लावलं. प्रती घेऊन सर स्वतः एकेका कार्यालयात गेले. पुढं एका गावची संध्याकाळची गाडी शाळा सुटल्यावर निघायला लागली. ती सरांमुळे का आणखी कशानं, कोणी सांगू शकत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, डेपोत नवा मानूस आला असंल.

त्यानंतर त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण अक्षरं लागेनात. त्यांची मुलगी दोघांना रायपूरला घेऊन गेली. नव्यानं नोंदणी करायची तर प्रवेश परीक्षेपासून सगळं आलं, आणि ती परीक्षा द्यायची कॉम्प्युटरवर.

परवा फोन आला. मी दहावीचा बाहेरून फॉर्म भरल्याचं सांगितलं तर नुसतं "हूं" म्हणाले. मग आवाज खाली आणून, काकूंना ऐकू जाऊ नये असा, म्हणाले की त्या शेवटच्या प्रकरणातला निवाऱ्यांचा मुद्दा चुकलाय, ते काम दुसऱ्याच खात्याचं आहे, आता कळलं. मी म्हटलं, सर, आता काय त्याचं?  सरांनी फोन मात्र ठेवला नाही.

मी एक दिवस रायपूरला जाणार आहे. त्यांच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं मी वाचून दाखवीन, ते नुसतं ऐकू देत. गाइडशीही नव्या नोंदणीचं मीच बोलेन, आता मला भीती वाटत नाही. आणि ते प्रकरण सर सांगतील तसं, सांगतील तितक्यांदा, पुन्हा टाइप करून देईन. कुरकुर करीन, ती करणारच. पण करून देईन.