दहा शब्दजातींचे वाहतूक नियंत्रक

“मागच्या दाराने! अहो, विशेषण मागच्या दाराने चढतं! ओ तिसरा मजला, किती वेळा सांगायचं? नाम आधी बसू दे की!”

हा आवाज आमच्या कल्याणच्या सोसायटीच्या पार्किंगमधून निघाला, आणि विठ्ठलवाडीला रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसलेले दोन जण दचकून मागच्या सीटवर जाऊन बसले, असं म्हणतात. खरं-खोटं त्या रिक्षावाल्याला माहीत. ‘तिसरा मजला’ म्हणजे मी. आणि ओरडणारा माणूस म्हणजे पहिल्या मजल्यावरचे, एसटीच्या खोपट डेपोतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात पोर्तुगीज व्याकरण एवढ्या मोठ्या आवाजात येणारा दुसरा माणूस नाही, हे मी पैजेवर सांगतो. हळू आवाजात येणारा असेल, तर तो मला कधी ऐकू आलेला नाही.

ही भाषा त्यांना डेपोतच भेटली. पणजीहून आलेल्या गाडीत कुणीतरी एक पुस्तक विसरून गेलं. नियमाप्रमाणे ते हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात गेलं. छत्र्या गेल्या, डबे गेले, एक बाजाची पेटीसुद्धा मालक येऊन घेऊन गेला. पुस्तकाला कुणी आलं नाही. मालकाचं नाव कुठे सापडतं का बघायला नियंत्रकांनी पहिलं पान उघडलं आणि निवृत्तीपर्यंत ते मिटलंच नाही. पुस्तक मात्र अर्धं फाटलेलं होतं. शब्दांच्या जाती संपतात तिथेच तेही संपत होतं. त्यामुळे पोर्तुगीज शब्दांच्या दहाही जाती त्यांना पाठ, आणि पोर्तुगीज येत नाही. हा फरक माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. शाळेत व्याकरणात मला शंभरात बारा गुण होते. त्यातले सात हस्ताक्षराचे.

मला ही भाषा का हवी होती, ते सांगतो. मुलगा लिस्बनला, सून तिकडचीच, आणि चार वर्षांची नात फक्त पोर्तुगीज बोलते. दर रविवारी ती फोनवर यायची, मी “कशी आहे माझी चिमणी?” म्हणायचो, ती माझ्या नाकाकडे बघायची आणि अर्ध्या मिनिटात पळायची. हल्ली तर यायलाच नको म्हणायला लागली होती. मुलगा म्हणाला, “बाबा, ॲप असतं ना त्याचं.” पण मी ती काळजी लिफ्टमध्ये बोलून बसलो आणि लिफ्टमध्ये नियंत्रक होते. “उद्या सात वाजता पार्किंगला. उशीर झाला तर गाडी सुटेल,” ते म्हणाले.

दहा प्लास्टिकच्या खुर्च्या एसटीसारख्या मांडलेल्या. नियंत्रकांच्या गळ्यात शिट्टी. “आपल्या मराठीत आठ जाती, त्यांच्याकडे दहा. म्हणजे दोन जादा गाड्या! नाम म्हणजे प्रवासी. सर्वनाम म्हणजे बदली कामगार. क्रियापद ड्रायव्हर. आणि हे उ आणि आ, हे आर्टिकल, म्हणजे कंडक्टर. कंडक्टर नसताना गाडी सोडली तर मेमो!” विशेषण प्रवाशाच्या मागून चढायचं आणि त्याच्यासारखंच दिसायचं; प्रवासी बाई असेल तर तेही बाई, चौघे असतील तर तेही चौघे. एकदा वॉचमनला नाम केलं आणि मला विशेषण. पाऊण तास मी त्याच्या मागे मागे फिरलो. तो गेट उघडायला गेला, मी गेलो. तो पंप बंद करायला गेला, मी गेलो. बायकोने गॅलरीतून बघितलं आणि म्हणाली, “निदान येताना कोथिंबीर तरी आणा दोघांनी.”

एकदा मी धीर करून विचारलं, “साहेब, पण या शब्दांचा अर्थ काय?”

नियंत्रकांचा चेहरा पडला. “प्रवासी कुठे चाललाय ते विचारायचं. का चाललाय, ती त्याची खाजगी बाब.”

मला ते फार थोर वाटलं. माझी अक्कल तुम्हाला आता कळलीच असेल.

मग तो रविवार आला. नियंत्रक माझ्या सोफ्यावर, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे, शिट्टी तोंडात धरून बसलेले. फोन तिकडूनच आला. नात आली, आणि या वेळी तीच आधी बोलली. एक लांबच्या लांब वाक्य, तुटत तुटत: “अव्हो, उ मेऊ गातु प्रेतु फुजिऊ द काझा.”

मी सोफ्यावरून उडालोच. सगळे ओळखीचे चेहरे! “नाम!” मी ओरडलो. “आर्टिकल! सर्वनाम! नाम! विशेषण, मागच्या दाराने! क्रियापद, भूतकाळ! प्रीपोझिशन! नाम!” नियंत्रकांनी दोनदा शिट्टी मारली आणि “शाब्बास! एकही खाली उतरला नाही!” म्हणून माझ्या पाठीत गुद्दा घातला. मी विजयी मुद्रेने स्क्रीनकडे बघितलं. नातीचा खालचा ओठ बाहेर आला.

मागून मुलगा आला. “बाबा, काय चाललंय? तिचं काळं मांजर घरातून पळून गेलंय. सकाळपासून रडतेय ती. तुम्हालाच सांगायचं म्हणून हट्टाने फोन लावायला लावला.”

माझे तीन महिने, दहा खुर्च्या आणि आठ शब्द एकदम पाण्यात गेले. मी कपाळाला हात लावला. “अगं माझे बाई! गेलं कुठे गं ते? उपाशी असेल की गं!” असं जे सुचेल ते, अस्सल कल्याणच्या मराठीत, बोलत सुटलो. नातीने माझ्याकडे बघितलं. मग तिनेही कपाळाला हात लावला आणि तिच्या भाषेत सांगायला लागली. ती सांगत होती, मी हळहळत होतो. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतो. एरवी मी अकराचे चाळीस केले असते.

फोन ठेवला. नियंत्रक शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले होते. मला वाईट वाटलं. म्हटलं, “साहेब, पण शब्द सगळे बरोबर ओळखले की नाही मी?”

“ओळखले,” ते म्हणाले. “पोर रडत होती.”