वाल्पारायसोच्या भिंती

दुपारचं जेवण झालंय. अंबादासराव आरामखुर्चीत पुस्तक छातीवर पालथं टाकून पडलेत. डोळे मिटतात न मिटतात तोच पायाखाली पायरी लागते. वर बघतात तर वाल्पारायसो! चिलीतलं ते डोंगर चढत गेलेलं शहर. जिकडेतिकडे पायऱ्या आणि घराघराच्या भिंतींवर चित्रं. पुढे वत्सला चाललीय. तिला जाऊन वर्ष होत आलं हे त्यांना ठाऊक आहे, पण बायकोला भर रस्त्यात असं सांगणं बरं दिसेल का, या संकोचानं ते गप्प राहतात.

चिलीत मुलीकडे गेले होते तेव्हा दोघं इथे निवांत पायी हिंडले होते. दर वळणावर वत्सला भिंतीला हात टेकून थांबायची. "बघा ना, काय चित्र आहे!" म्हणायची. की अंबादासराव प्रवासाचं पुस्तक उघडून त्या चित्राची माहिती वाचायला लागायचे. मराठी शिकवण्यात सगळी हयात गेली, पण असा श्रोता त्यांना वर्गात कधी लाभला नव्हता.

आताही ती थांबते. "बघा ना, काय मासा रंगवलाय!"

अंबादासराव पुस्तक उघडत नाहीत.

"तेराव्याला तुझी बहीण बोलून गेली," ते म्हणतात. "डॉक्टरांनी तुझ्या हृदयाचं दुखणं चिलीला निघायच्या आधीच सांगितलं होतं. तिला माहीत, मुलीला माहीत. मला तेवढं नाही."

"अगबाई! मेल्यावरही हजेरी घेणार का?"

"तू थांबायचीस ती दम लागायचा म्हणून?"

"मग काय तर! मला चित्रातलं काय कळतंय?"

"आणि मी वाचत बसायचो."

"छान वाचायचात हो. तेवढ्यात माझा श्वास जागेवर यायचा."

पायऱ्या संपतात तिथे, वत्सला गेली त्या सांगलीच्या इस्पितळाचा व्हरांडा लागतो. बाकावर वाल्पारायसोची मांजरं झोपलीत. एक नर्स मांजरांशेजारून निघून जाते.

"सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंत," अंबादासराव म्हणतात. "माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते ते. त्यातही मी एकटाच होतो?"

"सांगितलं असतं तर हातपाय गाळून बसला असतात. तिकिटं रद्द केली असतीत."

'नाही' म्हणायला ते तोंड उघडतात. आपण धीर धरला असता का? कोण जाणे.

"भिंतीला टेकायचीस," ते शेवटी म्हणतात. "मी शेजारीच उभा होतो ना गं."

वत्सला तोंड फिरवून पुढे चालू लागते. बोलण्यात तिनं कधी हार खाल्ली नव्हती.

पुन्हा पायऱ्या. बाजूला नुकतीच रंगवलेली निळी भिंत. वत्सलेला धाप लागते. सवयीनं ती भिंतीला हात टेकते, मग यांच्याकडे बघते, हात उचलते आणि यांच्या खांद्यावर ठेवते. सगळा भार टाकते. अंबादासरावांचा राग गेलेला नाही. तरी ते गुडघे ताठ करून उभे राहतात.

"जड होतेय का हो?"

"होतेयस. राहू दे."

जाग येते तेव्हा ऊन पायापर्यंत आलंय. खांदा ठणकतोय. ते मान वळवून बघतात. पांढऱ्या सदऱ्यावर निळा पंजा उमटलाय, लहानसा, बोटं फाकलेला. ते भीतभीत बोट लावून पाहतात.

रंग अजून ओला आहे.