कूलरच्या वाऱ्यातले तीळ

बांधावरचे तीळ वडील स्वतःच्या हातानं पेरायचे. आईलाही हात लावू देत नसत. बी कधी विकत आणलं नाही. आदल्या वर्षीच्याच तिळातलं राखून ठेवायचं, हा त्यांचा हट्ट. यंदा पेरणी झाली आणि आखाडात ते गेले.

दिवाळीला मी कळमनुरीहून माहेरी आले तेव्हा आईनं ते तीळ झोडून ठेवले होते. जेमतेम सूपभर, त्यातही निम्मा पाला. उपणायला वारा हवा, आणि वाऱ्यानं तर दडीच मारलेली. मला कुठला धीर? "कूलर काढू बाहेर," मी म्हटलं. हल्ली आमच्याकडे बरेच जण तसंच करतात.

कूलर सारवलेल्या अंगणात ओढला. त्याच्यासमोर जरा कडेला उभी राहून आईनं सूप उचललं. "लाव," म्हणाली. आमच्या कूलरचं बटण उलटं. पहिल्याच खटक्याला सगळ्यात जोराचं वारं. उन्हाळाभर तो वडीलच लावायचे, त्यामुळं आम्हा दोघींच्या ते ध्यानातच नव्हतं.

क्षणात सूप रिकामं झालं आणि तीळ अंगणभर उडाले. वडिलांच्या हातचं तेवढंच बी उरलं होतं. मी धावले तशी आई ओरडली, "हालू नको! पायाखाली बी येईल!"

कूलर बंद केला आणि मग दिसलं. आईच्या पायाशी टपोरे तीळ. त्यापुढं बारीक, त्याहून पुढं पोचट, आणि पाला पार तुळशीपाशी. सगळं एकाच सुपातून पडलेलं! हवा नसती तर जड-हलकं सगळं सारख्याच वेगानं, एकाच जागी पडलं असतं, हे शाळेत शिकले होते. पण जी डोळ्यांना दिसतही नाही, त्या हवेनं एवढ्याशा दाण्यांतला भरीव कोणता, पोकळ कोणता, हे पडता पडता निवडलं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

आई खाली बसली आणि टपोरे तीळ बोटांनी गोळा करू लागली. "मला वाटलं, सारंच गेलं बाई. त्यायनं पेरलेलं बराबर पायापाशी ऱ्हायलं बघ." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुढच्या साली बांधावर तू पेर."

मी ओंजळ पुढं केली, आईनं तिच्यात ते तीळ ओतले. आम्ही दोघीही रडत होतो. कूलर केव्हाच बंद झाला होता, तरी ती ओंजळ मी अंगाशी घट्ट धरून घरात नेली.