उधाणाला पडणारी लिंक

स्क्रीनवर अब्बास चाचांचा मुलगा हसायचा प्रयत्न करत होता, तेवढ्यात तो थिजला. तोंड अर्धं उघडं, हात कपाळावर. खाटेवर चाचा उशीला टेकून बघत होते. मी लॅपटॉपवर लिंकच्या नोंदींचा लॉग उघडला. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, स्कॅनिंग. हे स्कॅनिंग तर मी वर्षभरापूर्वीच बंद केलं होतं.

"काय झालं, सुर्वेभाऊ?" चाचांच्या सूनबाई, झुबेदाभाभी, दारातूनच म्हणाल्या.

"दोन मिनिटं, भाभी."

दोन मिनिटं! आमच्या धंद्यातलं सगळ्यात खोटं वाक्य.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. रत्नागिरीत आमचं नेटवर्किंगचं छोटंसं ऑफिस होतं. पावसच्या वाटेवर, खाडीपलीकडच्या एका गावात टेलिफोनची केबल पावसाळ्यात हमखास मरायची. म्हणून आम्ही आमच्या बाजूच्या एका गच्चीवरून त्या गावच्या वाचनालयाच्या छपरावर वायरलेस लिंक टाकली. गावातले निम्मे पुरुष कुवेत नाहीतर मस्कतला. शुक्रवारी सकाळी वाचनालयात वेबकॅमसमोर बायामुलांची ही गर्दी व्हायची.

छपरावरच्या डब्यातल्या छोट्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि त्यात एक डेमन चालायचा. डेमन म्हणजे पडद्यामागे गुपचूप चालत राहणारा प्रोग्राम. समोरच्या गच्चीवरचा वायरलेस रेडिओ शोधायचा, पासवर्डची देवाणघेवाण करायची, लिंक तुटली की पुन्हा जोडायची, हे त्याचं काम. तो ओपन सोर्स होता. म्हणजे कोड सगळ्यांना खुला, जगभरातली माणसं तो दुरुस्त करणार, आणि दुरुस्ती, म्हणजे पॅच, ईमेलच्या लिस्टवर पाठवणार. मेंटेनर नावाचा एक मुख्य माणूस तो तपासून आत घेणार.

सुरुवातीला ही लिंक मधूनच पडायची. मी अँटेना बदलला, केबल बदलली, कनेक्टरला टेप गुंडाळून गुंडाळून हात दुखले. कारण शोधलं ते अब्बास चाचांनी. चाचा जन्मभर मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके. वाचनालयाच्या पायरीवर बसून माझी धडपड बघायचे.

"अरे सुर्वे, तुझा नेट बिघडत नाय. पानी चढला की पडतो. तीन उधाणं बघतोय मी."

मी हसलो. मग घरी जाऊन लॉगमधल्या वेळा भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या, तर चाचांचं बरोबर होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, म्हणजे उधाणाला, दुपारी बाराच्या आसपास खाडी काठोकाठ भरायची. पाण्यावरून उसळलेले सिग्नल आणि सरळ आलेले सिग्नल एकमेकांना खायचे. सिग्नल कमी झाला की डेमन घाबरून लिंक सोडायचा, सगळे चॅनल धुंडाळायचा, म्हणजे स्कॅनिंग, काही मिळालं नाही की थांबायचा आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचा. मी त्यात तीस-चाळीस ओळी घातल्या. लिंक सोडू नकोस, त्याच चॅनलवर चिकटून राहा, एवढंच. त्यानंतर उधाणाला चित्र पुसट व्हायचं, पण तुटायचं नाही.

"लिस्टवर पाठवलास का पॅच?" आमचे साहेब, पटवर्धन, तेव्हा विचारायचे.

"पाठवतो, साहेब."

नाही पाठवला. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. त्या लिस्टवर एकाला फक्त ओळींमधल्या मोकळ्या जागांवरून झापलेलं मी वाचलं होतं. त्यात माझं इंग्रजी. आपला पॅच आपल्या डब्यात बरा, असं म्हणून वर्ष काढलं.

मग डेमनची नवी आवृत्ती आली. सुरक्षेची एक दुरुस्ती होती, त्यामुळे घ्यावी लागणार होती. माझा जुना पॅच तिला बसेना. पण बदलांच्या यादीत 'रीकनेक्ट सुधारलं' असं लिहिलं होतं. वाटलं, केलं असेल त्यांनीच.

"टेस्ट केलंस ना?" साहेब म्हणाले.

"चार दिवस चालवलं. एकदाही पडली नाही."

ते चार दिवस अष्टमीच्या आसपासचे होते. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. कोकणात त्याला भांग म्हणतात. खाडीकाठी जन्मलेला माणूस मी, आणि भांगात टेस्टिंग करून उधाणाची लिंक पास केली!

त्याच आठवड्यात चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मुलगा, इम्तियाज, कुवेतला. पासपोर्ट कंपनीकडे, सुट्टी पुढच्या महिन्यात. फोनवर चाचा बोलू शकत नव्हते, म्हणून भाभींनी मला बोलावलं. "निदान तोंड तरी बघूं दे एकमेकांची." मी वाचनालयापासून त्यांच्या खाटेपर्यंत केबल ओढली. शुक्रवार, साडेअकराची वेळ ठरली. पौर्णिमा होती. माझ्या डोक्यात ती आलीसुद्धा नाही.

तीन मिनिटं चाललं. चाचांनी मुलाला ओळखलं, डावा हात उचलला. मग चित्र थिजलं.

मी डेमन बंद करून पुन्हा चालू केला. स्कॅनिंग. हातानं जोडून पाहिलं. पासवर्डचं सगळं डेमनच बघतो, त्याच्याशिवाय समोरचा रेडिओ दारात उभं करेना. पॅच केलेली जुनी आवृत्ती होती ऑफिसच्या मशीनवर, खाडीच्या त्या बाजूला. मी साहेबांना फोन लावला.

"पाठवा ना ती फाइल."

"कशावरून पाठवू, सुर्वे? लिंकच पडलीय ना तुझी?"

पलीकडून सीडी घेऊन माणूस निघाला. तो रस्त्यानं येणार, तास तरी लागणार. मी घामाघूम. चाचांनी डाव्या हातानं माझी बाही ओढली. मग पंजा पालथा करून हळूहळू खाली नेला. पाणी उतरेल, मग लागेल. ज्याच्यासाठी मी कासावीस झालो होतो तोच मला धीर देत होता. मला तोंड वर करवेना.

साडेबाराच्या सुमाराला चाचांचा श्वास लागला. भाभींनी मान मांडीवर घेतली, तोंडात पाणी घातलं. पाऊण वाजायच्या आत सगळं संपलं.

सव्वा वाजता पाणी उतरलं आणि लिंक आपोआप जोडली गेली. सीडी अजून वाटेतच होती. स्क्रीनवर इम्तियाज आला. तो तिकडे खुर्चीतून उठलाच नव्हता.

"सुर्वेभाऊ, अब्बा दिसत नाय. कॅमेरा जरा फिरवा."

मी कॅमेरा फिरवला नाही. त्याला काय ते मलाच सांगावं लागलं.

तीन दिवसांनी मी पॅच नव्या कोडला बसवून लिस्टवर पाठवला. इंग्रजी जसं आलं तसं. मेंटेनरचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. इंग्रजीबद्दल अक्षर नाही. विचारलं होतं, ही चूक पुन्हा घडवून कशी बघायची, आणि ती शोधली कोणी? दुरुस्तीखाली शोधणाऱ्याचं नाव लिहायची तिथे पद्धत आहे. मी लिहिलं, खाऱ्या खाडीवर, उधाणाच्या भरतीला. शोधणारा, तांडेल अब्बास.

इम्तियाज पुढच्या महिन्यात आला. वाचनालयात मी त्याला दुरुस्तीखालची ती ओळ दाखवली. त्यानं वडिलांच्या नावावर बोट ठेवलं, मग तारखेवर.

"हा नंतर केलात?"

"पाठवला नंतर. तयार वर्षभर आधी होता."

 त्याचं बोट तारखेवरच राहिलं. मी तसाच बाजूला उभा राहिलो.

आता मी पॅच त्याच दिवशी पाठवतो. आणि खाडीवरचं टेस्टिंग एक उधाण गेल्याशिवाय झालं म्हणून सांगत नाही.