वैजापूरहून परत आलेली कवळी

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माझी दातांची लॅब आहे. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतून मॉडेल काढते आणि त्यावर कवळी बनवते. त्या उन्हाळ्यात वैजापूरच्या एका डॉक्टरांनी एकाच रुग्णाची कवळी दोनदा परत पाठवली. पहिली ढिली, दुसरी आत जाईचना. फोनवर ते म्हणाले, "ताई, तुमचा हात बिघडलाय." इतक्या वर्षांत असं मला कुणी बोललं नव्हतं.

तिसरं माप एसटीच्या पार्सलनं आलं. ओतण्याआधी मी ते उजेडात धरलं. माप घ्यायच्या गुलाबी अल्जिनेटच्या कडा वाळून ट्रेपासून सुटल्या होत्या. हा पदार्थ रबरासारखा लवचिक, पण निम्म्याहून जास्त पाणीच. उन्हात पाणी उडालं की आक्रसतो. दुसरं मापही असंच आक्रसलं असणार, म्हणून ती कवळी आत जाईना. पहिलं माप त्यांनी पाण्यात बुडवून पाठवलं होतं, ते फुगलं असणार, म्हणून ती ढिली झाली. माझा हात ठीक होता.

मी फोन करून सांगितलं, माप पाठवू नका, मीच येते. दुसऱ्या दिवशी प्लास्टरची पिशवी घेऊन सकाळची बस पकडली.

रुग्ण साठीचे काका. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचे, पण समोरचे चार दात गेल्यापासून शब्द नीट फुटेनात, म्हणून घरीच होते. डॉक्टर अल्जिनेटची पूड कालवायला नळाचं पाणी घ्यायला लागले. गच्चीवरच्या टाकीचं ते पाणी चांगलंच तापलेलं. मी माठातलं मागितलं, कारण गरम पाण्यात अल्जिनेट तोंडात जायच्या आधीच घट्ट होतं. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली, तरी त्यांनी ऐकलं. एका झटक्यात माप बाहेर आलं. बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून आला. तिथंच, त्यांच्या ओट्यावर, मी प्लास्टर ओतलं.

चार दिवसांनी कवळी घेऊन पुन्हा गेले. ती टक्कन बसली. काकांनी जीभ फिरवली, आरशात पाहिलं आणि उठून सरळ कांद्याचा भाव पुकारला. बाहेर बसलेली माणसं दारात आली.

"आता हवा निसटत नाय," ते म्हणाले. "लई घट्ट बसली."

डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी होती, ताई. ओतायचं मला शिकवा."

दुपारभर शिकवलं. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही. उभ्यानं आले, पण पाय दुखल्याचं काही आठवत नाही.