विमान रायरांचा कलश

त्या दिवशी गोठ्यापाशी कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते. मी होते, हातात निखाऱ्यांचं घमेलं घेऊन. थोरले राव होते, बँकेतून दुपारच्या जेवणाला आलेले. त्यांची बायको कमलावहिनी होती. केबलवाला सेल्वम होता, खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं अडकवून. तिरुवैयारूच्या पलीकडच्या एका खेड्यातले देवळाचे ट्रस्टी होते, चांगले म्हातारे, आणि त्यांच्या मागे त्याच देवळाचे पुजारी, फळांचं ताट धरून. आणि गोठ्याच्या आत, धुरात खोकत, ते होते. ज्यांच्याबद्दल मी सांगायला बसले आहे ते.

त्यांचं नाव मी घेत नाही. त्या घरी मी स्वयंपाकाला होते, घरच्या पुरुषाचं नाव घ्यायची सवय नाही. तंजावरात आम्हा मराठी माणसांना तमिळ लोक रायर म्हणतात. ह्यांना सगळी गल्ली ‘विमान रायर’ म्हणायची. थोडे मायेनं, बाकी चेष्टेनं. मला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. पुतणी लिहून घेते आहे. कुठं चुकलं तर तिला बोला.

“मान वर!” हे त्यांचं बोलणं. आकाशात जरा कुठं घरघर झाली की पानावरून उठायचे, सांबाराचा हात तसाच, आणि अंगणात येऊन ओरडायचे, “मान वर!” कोणी करायचं नाही. थोरले राव पेपर वाचत राहायचे. वहिनी म्हणायची, “भावजी, भात गार होतोय.” मग ते माझ्याकडे बघायचे. “आक्का, निदान तू तरी.”

मला नवरा जाऊन तेव्हां पुष्कळ वर्षं झाली होती. पोर तर त्याच्याही आधी तापानं गेलं. विधवा बाईनं मान खाली घालून चालावं असं मला सासरी शिकवलेलं, आणि चुलीपुढं तशीही मान खालीच असते. मला वर बघायला सांगणारा तो एकच माणूस. पहिल्यांदा मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं, मग वर. एक पांढरी रेघ होती. मला काय कळणार? पण पाहिली.

त्यांना विमानाचं शिकायचं होतं. मद्रासला जागाही मिळाली होती. पण वडील गेले, थोरल्यांचं शिक्षण चालू होतं, दोघांचं झेपेना. हे घरी राहिले आणि कालव्याच्या खात्यात नकाशे काढायला लागले. लग्न केलं नाही. पाणी कुठून वळवायचं ते दिवसभर कागदावर काढायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, “पाण्याला कोणीही वळवेल. वाऱ्याला वळवून दाखवा.”

गाय विकली, गोठा रिकामा झाला, तेव्हां तिथं त्यांनी एक लांब लाकडी पेटी बसवली. एका अंगाला काच. एका टोकाला पंखा, तो हवा बाहेर ओढायचा. दुसऱ्या टोकाला पपईच्या पानांचे पोकळ देठ, सारखे कापून एकाला एक चिकटवलेले, मधाच्या पोळ्यासारखे.

“हे कशाला?” मी विचारलं.

“वारा सरळ करायला, आक्का.”

“वारा काय वेणी आहे कां, विंचरून सरळ करायला?”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं तेच! विंचरतोच आहे!”

देठ सुकले की नवे लागायचे. आमच्या पपईला पान म्हणून राहिलं नाही. त्या पेटीत ते लाकडाचे पंख ठेवायचे, कधी रॉकेटचं टोक, आणि धूर सोडायचे, म्हणजे वारा कुठून जातो ते दिसतं. धूर सांबराणीचा, म्हणजे धुपाचा, निखारे माझ्या चुलीतले. “आक्का, निखारे!” म्हणून दिवसातून किती हाका. ऐन फोडणीच्या वेळी. मी चिडायचे. ते म्हणायचे, “चिड. पण आण.”

एकदा आंध्राच्या किनाऱ्यावर रॉकेट सुटायचं होतं, ते बघायला गेले. आत जायला पास लागतो हे तिथं गेल्यावर कळलं. मग रस्त्यावर, उन्हात, गर्दीत उभे राहिले. आणि त्या दिवशी ते सुटलंच नाही. काहीतरी बिघडलं म्हणून मोजणी थांबवली. त्याला ‘होल्ड’ म्हणतात म्हणे. परत आले ते तोच शब्द घेऊन. कुकरची शिट्टी होईना, “होल्ड.” बस येईना, “होल्ड.” बढतीचं विचारलं, “होल्ड.” आणि एक दिवस गोठ्याच्या पायरीवर बसून मला म्हणाले, “आक्का, मला जास्त नको. माझ्या हातचं एकच काहीतरी वर जावं आणि वाऱ्यात टिकावं. एवढंच. तेही होल्ड.”

मग केबल आली. गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी रंगीत टीव्ही. सेल्वमला आमची गच्ची पाहिजे होती, ती मोठी थाळी ठेवायला, आणि खाली यंत्रं ठेवायला गोठा. थोरल्यांनी कबूल केलं. “पोंगलपर्यंत गोठा रिकामा कर,” म्हणून धाकट्याला सांगितलं.

“माझं काम आहे तिथं.”

“कसलं काम? इतकी वर्षं विमान विमान करतोस, एक पतंग तरी उडाला कां तुझ्या हातून?”

सेल्वम बिचारा मध्ये पडला. “सार, माझी थाळी पण तुमच्यासारखीच. सारखी वर बघते.”

“ती कशाकडे बघते माहीत आहे तुला?” रायर त्याच्या अंगावर गेले. “वर काय फिरतंय, ते कोणी तिथं नेऊन ठेवलं, एकदा तरी विचारलंस? तुम्हाला फक्त सिरियल पाहिजेत!”

सेल्वम म्हणाला, “क्रिकेट पण असतं, सार.”

असं भांडण रंगलेलं असताना ते ट्रस्टी आणि पुजारी आले. ते कां आले ते ऐका. रायरांनी गोठ्यावर तमिळमध्ये पाटी लावली होती, ‘विमान संशोधन’ म्हणून. आता आमच्या मुलखात देवळाच्या गाभाऱ्यावरच्या शिखरालाही विमानच म्हणतात. उडणारं तेही विमान, चुन्याविटांचं तेही विमान. ट्रस्टींनी बसमधून पाटी वाचली आणि समजले की देवळाच्या शिखराचे जाणकार इथं राहतात.

त्यांनी ताट पुढं केलं आणि हात जोडले. त्यांच्या देवळाच्या विमानावरचा तांब्याचा कलश दर वर्षी आडी महिन्याच्या, म्हणजे आषाढ-श्रावणातल्या, पश्चिमेच्या वाऱ्यात कलतो. परत बसवतात, परत कलतो. गावात दोन मरणं झाली, एक लग्न मोडलं, लोक कलशाकडे बोट दाखवतात. पोंगलनंतर कुंभाभिषेक ठरला आहे, कलश नव्यानं बसवायचा आहे. “तुम्ही येऊन विमान बघा,” म्हणाले.

थोरले राव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

रायरांचा चेहरा काळा पडला. “ते विमान नव्हे! माझं विमान उडतं!”

म्हातारे ट्रस्टी आत डोकावले, पेटी पाहिली, धूर पाहिला. मग अगदी साधेपणानं विचारलं, “उडतं त्याला वारा लागतो. उभं राहतं त्याला लागत नाही कां, रायरे?”

मी निखारे खाली ठेवले, हात भाजायला लागले होते. रायर पेटीच्या काचेशी वाकले आणि म्हणाले, “पश्चिमेला काय आहे तुमच्या देवळाच्या?”

“काही नाही. पाण्याची टाकी. नवीन बांधली.”

“कधीपासून कलतो कलश?”

ट्रस्टी पुजाऱ्यांकडे बघायला लागले. पुजारी ताटाकडे.

पोंगलपर्यंत रायरांनी दुसरं काही केलं नाही. देऊळ मातीचं केलं, टाकी खोबरेल तेलाच्या डब्याची. धूर सोडला की टाकीपर्यंत तो सरळ यायचा, टाकीला धडकून फाटायचा, आणि पलीकडे गरगर फिरायला लागायचा, कधी डाव्या अंगानं, कधी उजव्या. नेमका कलशाच्या उंचीवर. मला बोलावून दाखवलं. “बघ, कानफटीत मारतोय. एकदा ह्या गालावर, एकदा त्या.” मला दिसलं. खरंच दिसलं.

टाकी कोण पाडणार? मग कलशाचंच काहीतरी करायला पाहिजे. कलशात आत वरगू भरतात, बारीक धान्य. गेल्या वेळी अर्धाच भरला होता. त्यांनी माझा शेवयांचा डबा घेतला, अर्ध्यापर्यंत तांदूळ भरला, आणि पुजाऱ्यांना धरून चालायला लावलं. आत तांदूळ इकडून तिकडे. “असाच तुमचा कलश डुलतो. गळ्यापर्यंत दाबून भरा. आणि मधली दांडी खाली आणखी हातभर विटांमध्ये जाऊ द्या.” कलश बसवणाऱ्या मिस्त्रीनं कुरकुर केली, आमच्या आजोबांपासून दांडी एवढीच असते म्हणून. रायर म्हणाले, “तुझ्या आजोबांच्या वेळी टाकी होती कां?”

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी पेटी निघाली. काच वहिनीनं देवघराच्या कपाटाला लावली. पंखा सेल्वमनं यंत्रं गार ठेवायला मागितला. रायरांनी स्वतः उचलून दिला. मी सरपणाला फळ्या नेऊ कां, असं विचारायला गेले आणि न विचारताच परत आले.

कुंभाभिषेकाला मी त्यांच्याबरोबर गेले. थोरले आले नाहीत. बांबूच्या परांचीवर पुजारी कुंभ घेऊन चढले होते. पण आमच्याकडे आकाशात गरुड फिरल्याशिवाय कलशावर पाणी ओतत नाहीत. वाजंत्री थांबली. गरुड नाही. ऊन चढलं, पोरं रडायला लागली, गरुड नाही. रायर माझ्या कानाशी पुटपुटले, “होल्ड.”

आणि मग कोणीतरी किंचाळलं. सगळा गाव, बाया, म्हातारे, पोलीस, नादस्वरवाले, सगळ्यांनी एकदम मान वर केली. आयुष्यभर ज्याच्यासाठी हा माणूस ओरडला ते एका पक्ष्यानं करून दाखवलं. ते मात्र पक्ष्याकडे बघत नव्हते. लोकांकडे बघत होते, सगळीकडे वळून वळून. मग स्वतःही वर बघितलं. “पंख हलवत नाही बघ, आक्का. खालून गरम हवा येतेय, तिच्यावर बसलाय.” ऐकायला मी एकटी. बाकीचे हात जोडून ओरडत होते.

त्यांच्या डोक्याला देवाचं वस्त्र बांधलं, माईकवर ‘विमान तज्ज्ञ’ म्हणून पुकारलं. बसमध्ये ते वस्त्र त्यांनी सोडून मांडीवर ठेवलं. “मागितलं उडणारं,” म्हणाले, “आणि मिळालं चुन्याचं.”

त्या वर्षी आडीचा वारा वाईट होता. आमच्या गच्चीवरची थाळी फिरून गेली, आख्ख्या गल्लीचा टीव्ही बंद, सेल्वम शिव्या खात गच्चीवर. रायर सकाळी चप्पल घालून दारात. “आक्का, येतेस?”

माडांचे शेंडे पार पूर्वेकडे लोळत होते. डोळ्यांत धूळ. देवळासमोर उभे राहिलो तेव्हां त्यांनी मान वर केली नाही. पहिल्यांदाच. खाली आपल्या चपलांकडे बघत राहिले. “तू बघ,” म्हणाले.

मी बघितलं. टाकीवरचा पत्रा खडखडत होता, माकडं शिखराच्या आडोशाला दडली होती. कलश जागचा हलला नव्हता. मी सांगितलं. मग त्यांनी वर बघितलं, आणि म्हणाले, “होल्ड.”

शब्द तोच. तोंड वेगळं होतं.

ह्यामुळं ते सुखी झाले असं समजू नका. तसं काही नाही. शेवटपर्यंत चिडचिड केली. टीव्हीसमोर बसले नाहीत. रॉकेट सुटतंय म्हणून कोणी सांगितलं तर “कुठल्या तोंडानं सांगता?” म्हणायचे, आणि मग अंगणात जाऊन तिकडच्या दिशेला बघत राहायचे, दिसणार नाही हे माहीत असून. नोकरीतून निघाले, पुढं छातीत पाणी झालं, आणि एका थंडीत गेले. पोचवायला नेत होते तेव्हां वरून एक विमान गेलं. कोणी वर बघितलं नाही. मी दाराशी होते. मी बघितलं.

त्यानंतर दर आडीत मी एकदा त्या बसनं जायचे. सरळ आहे, एवढं बघायचं आणि परत यायचं. आता मोतीबिंदू आहे, उजव्या डोळ्याला काही नाही, डाव्याला नुसता उजेड. पुतणीला वेळ नसतो, तिचंही खरं आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. तिरुवैयारू सोडून बस कालव्याच्या कडेनं पुढं गेली की डाव्या हाताला पाण्याची टाकी लागते, तिच्या पुढंच ते देऊळ. कधी त्या बाजूला गेलात तर आत जायच्या आधी बाहेर थांबा, मान वर करा, कलश सरळ आहे कां तेवढं बघा. आणि मला निरोप द्या.