चाळीस मोजून खजूर

परबकाका आधी गॅस बंद करायचे आणि मग मोजायला लागायचे. मोठ्याने, आणि तेही अरबीत. वाहिद, इथनेन, थलाथा, अर्बा... असं दहापर्यंत, चार वेळा. चाळीस पुरे झाले की मगच ती काळी बाटली उचलायची, चिकनवर खजुराच्या पाकाची बारीक धार सोडायची आणि झाकण दाबून ठेवायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काका कसला तरी मंत्र म्हणतायत, म्हणून मी आपले हात जोडले. खरंच जोडले! काका इतके हसले की पळी खाली पडली.

"गो चेडवा, देव नाय हा कोंबडीत. खजूर आगीवर घातलंस तर करपता, मगे सगळा कडू. गोड नेहमी शेवटाक. आग गेल्यावर."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोड शेवटाक. कोणी काही शिकायला गेलं की आधी हेच ऐकायचं.

आम्ही नाहूरला चौथ्या मजल्यावर, परब बरोबर आमच्या खाली तिसऱ्यावर. काका मस्कतजवळ एका लेबर कॅम्पच्या मेसमध्ये कूक होते, एकोणीस वर्षं. मी जन्माला आले तेव्हापासून परबांकडे म्हणजे फक्त परबकाकू असंच माझ्या डोक्यात होतं. काका म्हणजे दोन वर्षांतून एकदा महिनाभर येणारा, टॅंगचे डबे वाटणारा माणूस. तिथे एका म्हाताऱ्या ओमानी आचाऱ्याने त्यांना हा खजुराचा पाक वापरायला शिकवलं. दिब्स म्हणतात तिकडे. दिसायला काकवीसारखा, पण चव वेगळीच, थोडी धुरकट, थोडी आंबूस. आणि काकांनी तो घेऊन त्याचं पूर्ण मालवण करून टाकलं होतं, यार! कांदा काळपट होईपर्यंत परतायचा, घरचा मसाला, आलं-लसूण, दालचिनीचा तुकडा, तिकडून आणलेलं सुकं काळं लिंबू फोडून, आणि शेवटी तो पाक. नुसतं चिकन नाही हां. भरली वांगी करायचे. लाल भोपळा करायचे. घावण्यांबरोबर नारळाचा रस असतो ना, त्यात गुळाऐवजी खजूर घालायचे, आणि माझी आई, जी कोणाच्या हातच्या कशाला बरं म्हणत नाही, ती वाटी पुसून खायची.

आता मुद्द्याचं सांगते, नाहीतर मी अशीच भरकटत जाईन. या सगळ्यातलं काकूंनी कधीच काही खाल्लं नव्हतं. एक घास नाही.

एकोणीस वर्षं काका फोनवर सांगत होते, आज हे केलं, आज ते केलं, तुला खायला घालायचंय. मग सुट्टीवर यायचे तेव्हा का नाही केलं? मी विचारलं होतं. उत्तर काकूंनीच दिलं. "सुट्टीवर इलेलो माणूस पावणो. पावण्याक कोण चुलीकडे धाडता?" म्हणजे काका यायचे आणि काकू महिनाभर त्यांना ओट्याजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. सकाळी आंबोळ्या, दुपारी मासे, रात्री वडे-सागोती. लोक काय म्हणतील, नवरा परदेशात रांधतो आणि घरी येऊन पण रांधतो? काकांनाही ते आवडायचं, नाही कसं म्हणू. दरवेळी निघताना म्हणायचे, कायमचा येईन तेव्हा मीच रांधतलंय, तू नुसती बसायचं.

आणि ते कायमचे आले ते काकूंच्या किडन्या गेल्या म्हणून.

बॅगेत नऊ बाटल्या होत्या, प्रत्येक बाटली बनियनमध्ये गुंडाळलेली. मी होते तेव्हा, बॅग वर घ्यायला मदत करत होते. त्याच संध्याकाळी काकूंनी हॉस्पिटलचा कागद काढून दाखवला, काय खायचं नाही त्याची यादी. नारळपाणी, केळं, बटाटा, टोमॅटो... आणि सगळ्यात वर खजूर. डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियम चालत नाही, आणि खजुरात ते ठासून भरलेलं. काकांनी तो कागद दोनदा वाचला. मग बाटल्या एकेक करून ओट्याखालच्या कप्प्यात लावल्या. काकू म्हणाल्या, "बरा झाला. सगळ्यात वरचा नाव तुमच्या खजुराचा. मान मिळालो."

त्यानंतर या माणसाने जे केलं ते मी जवळून बघितलंय. तीनशे माणसांचं रांधणारा आचारी दुधी दोन पाण्यातून उकडायचा. पोटॅशियम उतरावं म्हणून पहिलं पाणी फेकायचं, दुसरंही फेकायचं, मग त्या बिचाऱ्या चोथ्याला जिऱ्याची फोडणी. मिठाचा डबा काकूंच्या नजरेस पडू नये म्हणून कपाटाच्या वर. दिवसाचं पाणी एका बाटलीत भरलेलं, गोळीला किती, चहाला किती, सगळं त्यातूनच. मंगळवार, गुरुवार, शनिवार रिक्षाने मुलुंडच्या सेंटरला. चार तास काका बाहेरच्या बाकावर. मी म्हटलं, काका मी बसते एखाद्या दिवशी. "नको गो. एकोणीस वर्सां ती बसली ना वाट बघीत."

रविवारचं चिकन मात्र काकूंनीच सुरू करायला लावलं. बिल्डिंगसाठी. काका तयारच नव्हते, तिच्यासमोर कसं करू म्हणून. काकू म्हणाल्या, "अवो, माका वास तरी घेवक देवा. गो प्राची, डॉक्टराक विचार, वास घेतलो तर पोटॅशियम वाढता काय?"

मग दर रविवारी काकू स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायच्या, डायलिसिसच्या सुया टोचायचा तो फिस्टुलाचा हात उशीवर. काका रांधायचे, चाळीस मोजायचे. आणि मी खायचे. माझं काम तेच होतं, खाऊन काकूंना सांगायचं कसं लागतं ते.

"झकास काकू! एकदम भारी!"

"नीट सांग. नुसता भारी भारी काय करतंस? कसा लागता ता सांग."

"गोड... म्हणजे गोड नाही. आधी तिखट लागतं, मग आंबट, आणि गिळल्यावर गोड येतं. मागून."

"मागून म्हणजे खय? घशात?"

"जिभेच्या मागे. आणि कांदा कुठे संपतो आणि खजूर कुठे सुरू होतो ते कळतच नाही."

काकू डोळे मिटून ऐकायच्या, आणि त्यांची जीभ तोंडात हलायची. मला दिसायचं ते. काका पाठ करून ओटा पुसत राहायचे, पुसलेलाच ओटा परत पुसायचे. आणि म्हणायचे, "पोटॅशियम वायच खाली येवंदे. एक रिपोर्ट चांगलो येवंदे. मगे देतंय." दर महिन्याला रिपोर्ट यायचा, आणि दर महिन्याला काका आकडा बघून कागद चारदा घडी घालून खिशात ठेवायचे.

मी एकदा त्यांचं रील पण केलं होतं. "तोंड नको दाखवू" म्हणाले, म्हणून नुसते हात आणि मोजण्याचा आवाज. खाली लोकांच्या कमेंट, चिकनमध्ये गोड, शी, कोंबडीचा गुलाबजाम. मी चिडले. काकूंना वाचून दाखवलं तर त्या पोट धरून हसल्या. "तेंका लिव, माजी जागा घेवा म्हणान."

एका रविवारी काका खाली कोथिंबीर आणायला गेले होते. मी ताट घेऊन बसलेले. काकू एकदम हळू म्हणाल्या, "प्राची, बोटाक लागला हा ना, तेवढाच दी."

माझ्या तर्जनीला रस्सा लागला होता. खरंच एवढासा. थेंब पण नाही, नुसता रंग.

मी म्हटलं, "नको ना काकू. काका मला ओरडतील."

"बरा," म्हणाल्या. रागावल्या नाहीत. उलट माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मी बोट पुसून टाकलं. पेपर नॅपकिनला.

नंतर अजून दोन-तीन रविवार झाले असतील. एकदा मी खाऊन सांगायला लागले, आधी तिखट लागतं, आणि काकू म्हणाल्या, "आज नको सांगू." त्याच्या पुढच्या रविवारी खुर्चीवर बसल्याच नाहीत, आतच पडून राहिल्या. काकांनी चिकन केलं, चाळीस मोजले, आणि तीसच्या आसपास त्यांचा आवाज बारीक झाला, कारण आतून काही ऐकू येत नव्हतं. एरवी काकू खुर्चीवरून ओरडायच्या, "झाले काय तुमचे चाळीस?"

त्या बुधवारी सकाळी काकू गेल्या. हार्ट. पोटॅशियम तेव्हा नॉर्मलच्या जवळ होतं. काकांच्या खिशात तो रिपोर्ट होता, आदल्या दिवशीचा. पहिला चांगला.

आता जे लिहितेय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. काकूंच्या उरलेल्या गोळ्या आणि इंजेक्शनं दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील म्हणून काकांनी माझ्याबरोबर सेंटरला पाठवली. तिथल्या सिस्टर काकूंना ओळखायच्या. बोलता बोलता मी त्या खजुराचं सांगितलं, सहज, म्हणजे रडू येत होतं म्हणून. सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, विचारायचं ना. अर्धा चमचा काही होत नाही, डॉक्टरांना विचारून. आमचे कितीतरी पेशंट मशीनवर पहिल्या तासात आवडीचा घास खातात. त्या म्हणाल्या असत्या तर आपणच सांगितलं असतं."

तीन वर्षं. आठवड्यातून तीनदा. काका त्या भिंतीच्या पलीकडे बाकावर बसलेले असायचे. कागदावर लिहिलंय म्हणजे लिहिलंय, मोठ्या डॉक्टरांना उलट काय विचारायचं, आपण कोण. त्यांनी विचारलं नाही. काकूंनी नाही. आणि मी? मी सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी विचारत फिरते, मी तर रीलखालच्या लोकांशी भांडत होते. मला काकूंनी सांगितलं होतं की डॉक्टराला विचार. मस्करीत का होईना, सांगितलं होतं.

काकांनी चिकन बंद केलं. बिल्डिंगमध्ये कोणी विषय काढत नाही. उरलेली शेवटची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली, बनियनसकट. मी दोन महिने ती कपाटात ठेवली आणि गेल्या रविवारी केलं. सगळं त्यांच्यासारखं. कांदा, मसाला, काळं लिंबू. गॅस बंद केला. अरबी येत नाही मला दहाच्या पुढे, पण त्यांनाही कुठे यायचं, म्हणून तर चार वेळा दहा. मोजले. धार सोडली. डबा घेऊन खाली गेले.

काका जेवत होते. ताटात दुधी, पांढरा, दोन पाण्यातून काढलेला. अजून तसंच करतात. मिठाचा डबा अजून कपाटावर. मी म्हटलं, काका आता कशाला? "सवय," म्हणाले.

मी डबा उघडला. त्यांनी वाकून वास घेतला, बराच वेळ.

"किती मोजलंस?"

"चाळीस."

"करपूक नाय. बरोबर झाला हा." मग झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "तुझ्या आवशीक दी."

"काका, एक घास तरी."

ते दुधीकडे बघत म्हणाले, "मी पण सगळा बरोबर केलंय ना गो? काय चुकूक नाय ना माझा?"

सिस्टरचं वाक्य माझ्या तोंडात होतं. अक्षरशः जिभेच्या मागे.

"नाही काका. काहीच नाही चुकलं तुमचं."

त्यांनी मान हलवली आणि जेवायला लागले. मी वर जाताना मधल्या जिन्यात बसले, डबा उघडला आणि हातानेच खाल्लं. आधी तिखट, मग आंबट, आणि गिळल्यावर मागून गोड. अगदी तसंच झालं होतं.